स्त्रीबीजाचं फलन नेमकं कसं होतं? क्षणात नाही, चोवीस तासांत

सूक्ष्मदर्शी

फलन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शर्यत येते. कोट्यवधी शुक्राणू धावत सुटतात, सगळ्यांत वेगवान तो पहिला पोचतो, बीजात डोकं खुपसतो आणि काम झालं. हे चित्र इतकं रुजलं आहे की दिवस मोजताना, प्रयोगशाळेचा रिपोर्ट वाचताना, "फलन झालं पण गर्भ पुढे वाढला नाही" असं ऐकताना लोकांचा गोंधळ उडतो. म्हणून हा धागा. बीज बाहेर पडल्यापासून एका पेशीच्या दोन होईपर्यंत काय घडतं ते क्रमाने लिहितो. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

आधी बीजाबद्दल. मानवी स्त्रीबीजाचा व्यास ०.१ ते ०.१२ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा ठिपका. त्याभोवती झोना पेल्युसिडा नावाचं साधारण १५ मायक्रॉन जाडीचं पारदर्शक कवच असतं. त्याच्याही बाहेर क्युम्युलस पेशींचा चिकट गोळा, हायल्युरॉनिक आम्लाच्या गरात रुतलेला.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांचं अर्धसूत्री विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं. वयात आल्यावर, त्या त्या चक्रात निवडलं गेलेलं बीज एलएच संप्रेरकाची लाट आली की पुढे सरकतं. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी ते बीजकोशातून बाहेर पडतं. तोवर पहिलं विभाजन पुरं झालेलं असतं आणि निम्मी गुणसूत्रं पहिल्या ध्रुवकायात, म्हणजे पोलर बॉडीत, टाकून दिलेली असतात. दुसरं विभाजन मात्र पुन्हा अर्ध्यावर अडतं. बाहेर पडलेल्या बीजात गुणसूत्रं २३च असतात, पण प्रत्येकाच्या दोन प्रती एकमेकींना जोडलेल्या. हे काम शुक्राणू आत आल्याशिवाय पुरं होत नाही. बीज आयतं तयार बसलेलं असतं, ही समजूत इथेच सोडून द्यावी.

आता शुक्राणू. एका वेळच्या वीर्यात वीसेक कोटी शुक्राणू असू शकतात. बीजवाहिनीच्या रुंद भागात, म्हणजे ॲम्प्युलात, पोचतात ते शेकड्यांत. योनीमार्गाचा पीएच ४च्या आसपास, तिथे बहुतेक संपतात. उरलेल्यांना गर्भाशयमुखाचा स्राव गाळतो. एरवी हा स्राव घट्ट असतो. बीज बाहेर पडायच्या सुमारास इस्ट्रोजेन वाढल्यामुळे तो पातळ, पारदर्शक आणि तार धरणारा होतो, तेव्हाच वाट मोकळी होते. पुढचा प्रवास केवळ पोहण्यावर होत नाही. गर्भाशयाची आकुंचनंही शुक्राणूंना वर ढकलतात, त्यामुळे काही तर मिनिटांतच बीजवाहिनीत सापडतात.

पण हे लवकर पोचलेले शुक्राणू फलन करू शकत नाहीत. १९५१ साली चँग आणि ऑस्टिन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की ताज्या शुक्राणूला स्त्रीच्या जननमार्गात काही तास काढावे लागतात. याला कपॅसिटेशन म्हणतात. या काळात शुक्राणूच्या पटलावरचं कोलेस्टेरॉल निघून जातं, बायकार्बोनेटमुळे आतली यंत्रणा जागी होते आणि शेपटीची हालचाल बदलते. सरळ पोहणारा शुक्राणू चाबकासारखे जोरदार फटके मारू लागतो. त्यासाठी शेपटीतल्या कॅटस्पर नावाच्या वाहिन्यांतून कॅल्शियम आत यावं लागतं. क्युम्युलस पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात, आणि २०११ मध्ये स्पष्ट झालं की मानवी शुक्राणूत तेच प्रोजेस्टेरॉन या वाहिन्या उघडतं. म्हणजे शुक्राणूला शेवटचा जोर येतो तो बीजाच्या बाजूने आलेल्या रसायनामुळे.

पुढे ॲक्रोसोम. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते. ती फुटते, आतली विकरं बाहेर येतात आणि आतलं पटल उघडं पडतं. शुक्राणू झोनाला चिकटतो आणि तिरक्या वाटेने आत घुसतो. इथे विकरांइतकाच शेपटीच्या फटक्यांचा वाटा असतो.

कवच ओलांडल्यावर दोन पटलांची गाठ पडते. शुक्राणूवर इझुमो-१ हे प्रथिन असतं (शोध २००५, नाव जपानमधल्या विवाहासाठी प्रसिद्ध असलेल्या देवस्थानावरून) आणि बीजावर जुनो (२०१४, रोमन देवीचं नाव). ही दोन प्रथिनं एकमेकांत अडकल्याशिवाय पेशी जुळत नाहीत. बीजावरचं सीडी-९ हे प्रथिनही लागतं. पटलं एक झाली की शुक्राणू शेपटीसकट आत ओढला जातो.

फलन खरं तर इथून सुरू होतं. शुक्राणूबरोबर पीएलसी-झीटा हे विकर बीजात येतं आणि बीजात कॅल्शियमच्या लाटा उठू लागतात. एकच नाही, एकीमागून एक, काही तास. त्या लाटांमुळे तीन कामं होतात: बीजाच्या कडेच्या कणिका फुटून बाकीच्या शुक्राणूंची वाट बंद होते, अडलेलं दुसरं विभाजन पुरं होऊन दुसरा ध्रुवकाय बाहेर पडतो, आणि बीज गर्भपेशी म्हणून कामाला लागतं. शुक्राणूचं डीएनए प्रोटामीन प्रथिनांवर करकचून गुंडाळलेलं असतं. ते सुटतं आणि बीजातल्या हिस्टोन प्रथिनांवर नव्याने गुंडाळलं जातं. मग आईकडच्या आणि बापाकडच्या गुणसूत्रांभोवती वेगवेगळी आवरणं तयार होतात. ही दोन प्रकेंद्रकं. शुक्राणू आत शिरल्यावर काही तासांत ती दिसू लागतात आणि हळूहळू सरकत बीजाच्या मध्यभागी एकमेकांना टेकतात. साधारण चोवीस तासांनी दोन्हींची आवरणं विरघळतात, गुणसूत्रं एका रांगेत येतात आणि पेशी दुभंगते.

अवनी_त

फार छान उलगडून लिहिलंय. एक प्रश्न. शुक्राणू पाच दिवस जगतात आणि बीज एकच दिवस, असं वाचलंय. मग २८ दिवसांच्या चक्रात नेमके कोणते दिवस धरायचे? सरसकट चौदावा दिवस धरून चालतं का?

शिरीषफूल

अवनी, चौदावा दिवस सरसकट धरू नका. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी स्थिर असतो, बहुतेकींत १२ ते १४ दिवस. बदलतो तो पाळीपासून बीज बाहेर पडेपर्यंतचा काळ. म्हणून ३५ दिवसांचं चक्र असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडेल, चौदाव्या नाही.

बीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच फलनयोग्य असतं. शुक्राणू चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत टिकतात. यावरून हिशेब सोपा आहे: बीज बाहेर पडायचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एकूण सहा दिवस. विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हेच मोजून दाखवलं. पाच दिवस आधीच्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता सुमारे १० टक्के, ती वाढत जाऊन बीज बाहेर पडायच्या दिवशी सुमारे ३३ टक्के. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद.

प्रत्यक्षात पाहायचं झालं तर लघवीतली एलएच चाचणी ठळक आली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. चाचणी येण्याची वाट पाहत थांबलात तर आधीचे चांगले दिवस हातचे जातात. म्हणून तार धरणारा स्राव दिसायला लागला की तेव्हापासूनच एक दिवसाआड संबंध ठेवणं उत्तम. सकाळचं अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं ते बीज बाहेर पडून गेल्यावर. त्यावरून मागच्या चक्राचा अंदाज येतो, चालू चक्राचा दिवस ठरवता येत नाही. पीसीओएस (बीजकोशांचा संप्रेरकांशी निगडित विकार) असेल तर एलएच मुळातच जास्त असू शकतं, मग चाचणी फसवते.

गुणसूत्र

सूक्ष्मदर्शी, लेख उत्तम आहे, दोन गोष्टींची भर घालतो.

एक. ॲक्रोसोम कुठे फुटतो हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या पुस्तकांत "झोनाला चिकटल्यावर झेडपी-३ प्रथिनामुळे" असं ठामपणे छापलेलं असतं. उंदरांच्या शुक्राणूंचं चित्रीकरण करून २०११ मध्ये दाखवलं गेलं की फलन करणाऱ्या बहुतेक शुक्राणूंचा ॲक्रोसोम झोनापर्यंत पोचायच्या आधीच फुटलेला असतो. शिवाय उंदराच्या झोनात झेडपीची तीन प्रथिनं असतात आणि माणसाच्या झोनात चार, त्यामुळे उंदराचं सगळं माणसाला जसंच्या तसं लावताना जपून.

दोन. एकापेक्षा जास्त शुक्राणू आत येऊ नयेत म्हणून काय होतं हे जरा सविस्तर हवं, कारण इथेही पुस्तकांत सरमिसळ आहे. पटलाचा विद्युतभार सेकंदात उलटतो आणि दुसरा शुक्राणू अडतो, हे सी-अर्चिन या समुद्री प्राण्याच्या अंड्यात होतं. सस्तन प्राण्यांच्या बीजात असा विजेचा अडसर आढळत नाही. आपल्याकडे दोन कुलपं आहेत. पहिलं पटलावरचं: शुक्राणू जुळल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात बीज आपल्या पृष्ठभागावरचं जुनो झटकून टाकतं, मग नव्या शुक्राणूच्या इझुमोला धरायला जागाच उरत नाही. दुसरं कवचावरचं: कडेच्या कणिकांतून ओव्हास्टासिन नावाचं विकर बाहेर पडतं आणि झेडपी-२ तोडतं. त्याच वेळी जस्ताचे आयन झपाट्याने बाहेर फेकले जातात. जस्ताचा हा झोत चमकणाऱ्या रसायनाने टिपता येतो, मानवी बीजात तो २०१६ मध्ये टिपला गेला. "फलनाच्या वेळी बीज प्रकाश टाकतं" असे जे व्हिडिओ फिरतात त्यांचं मूळ हे. चमक त्या रसायनाची असते, बीजाची नव्हे.

कुलपं वेळेत लागली नाहीत तर दोन शुक्राणू आत येतात, ६९ गुणसूत्रांचा गर्भ तयार होतो. तो बहुतेकदा लवकर पडतो किंवा त्यातून अर्धवट द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वाढ) होतो. पूर्ण द्राक्षगर्भ वेगळा. त्यात बीजातली आईची गुणसूत्रं हरवलेली असतात आणि सगळी ४६ बापाकडची, बहुतेकदा एकाच शुक्राणूच्या गुणसूत्रांची दुप्पट होऊन.

सूक्ष्मदर्शी

ॲक्रोसोमची दुरुस्ती मान्य. त्याला जोडून सी-अर्चिनचीच आणखी एक सरमिसळ सांगतो. हर्टविगने १८७६ मध्ये सी-अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं जुळून एक होताना पाहिली. तेच चित्र पुढे माणसालाही चिकटवलं गेलं. माणसात दोन प्रकेंद्रकं मिळून एक केंद्रक असं कधीच होत नाही. ती शेजारी शेजारी राहतात, आवरणं जातात आणि गुणसूत्रं थेट पहिल्या विभाजनाला लागतात. आईबापाची गुणसूत्रं एकाच केंद्रकात पहिल्यांदा येतात ती दोन पेशी झाल्यावर.

पेट्रीडिश

प्रयोगशाळेत हे सगळं घड्याळ लावून पाहावं लागतं, त्यामुळे आकडे देतो.

एचसीजीचं (एलएचसारखं काम करणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन दिल्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. याहून उशीर झाला तर ती आपोआप बाहेर पडून हाती लागत नाहीत, फार लवकर काढली तर कच्ची निघतात. काढलेल्या बीजांपैकी साधारण तीन चतुर्थांश किंवा थोडी जास्त पक्व असतात. पक्व म्हणजे पहिला ध्रुवकाय बाहेर दिसतो ते. मध्यभागी मोठं गोल केंद्रक दिसत असेल तर बीज अजून पहिल्या थांब्यावरच आहे, त्यात शुक्राणू घालून उपयोग नाही.

तापमान ३७ अंश, पीएच ७.२ ते ७.४, त्यासाठी हवेत ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि ऑक्सिजन ५ टक्के. तापमानाबद्दल कडक का राहायचं? बीजाची गुणसूत्रं ज्या तंतूंच्या चौकटीवर टांगलेली असतात, ते स्पिंडल, खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं राहिलं तरी विस्कटू लागतं. पुन्हा गरम केल्यावर ते दर वेळी नीट जुळतंच असं नाही आणि गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. बाहेरून बीज ठणठणीत दिसतं, म्हणून ही चूक लक्षातही येत नाही.

साध्या आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर, बशीत घडवलेल्या फलनात) धुऊन निवडलेले शुक्राणू मिलिलिटरला ५०,००० ते १,००,००० या प्रमाणात बीजांबरोबर ठेवतात. फार वाढवले तर बहुशुक्राणू फलन वाढतं आणि माध्यमही बिघडतं.

इक्सीमध्ये (१९९२ पासून) एकच शुक्राणू सुईने आत सोडतात. आधी हायल्युरोनिडेज या विकरात बीज साधारण अर्धा मिनिट ठेवून क्युम्युलस पेशी काढतात, जास्त ठेवलं तर बीजाला इजा होते. मग पीव्हीपी या दाट द्रवाच्या थेंबात शुक्राणूची शेपटी सुईने दाबून मोडतात. हे केवळ तो पळू नये म्हणून नाही. पटल फाटलं तरच पीएलसी-झीटा बीजात उतरतं, पायरी चुकली तर बीज जागंच होत नाही. बीज धरताना ध्रुवकाय घड्याळातल्या १२ किंवा ६च्या जागी ठेवतात आणि सुई ३च्या बाजूने घालतात, कारण स्पिंडल ध्रुवकायाजवळ असतं आणि सुईने त्याला धक्का लागायला नको. बीजाचं पटल लवचिक असतं, सुईबरोबर आत दबत जातं. थोडा द्रव ओढून घेऊन ते फुटल्याची खात्री करूनच शुक्राणू सोडतात. खात्री केली नाही तर शुक्राणू पटलाच्या घडीतच राहतो, आत जातच नाही.

तपासणी १६ ते १८ तासांनी. दोन प्रकेंद्रकं, दोन ध्रुवकाय: हे नीट फलन. ही वेळ सांभाळणं सगळ्यांत महत्त्वाचं. आवरणं विरघळल्यावर पाहिलं तर काहीच दिसत नाही. तीन प्रकेंद्रकांचा गर्भ पुढे अगदी सुबक चार पेशींचा होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या रूपावरून ही चूक ओळखता येत नाही.

रिपोर्टमध्ये तीन प्रकेंद्रकं लिहिली असतील तर पद्धत कोणती होती ते बघा. आयव्हीएफमध्ये बहुतेकदा दोन शुक्राणू आत गेलेले असतात. इक्सीमध्ये शुक्राणू एकच सोडलेला असतो, तेव्हा बहुतेकदा दुसरा ध्रुवकाय बाहेर पडलेला नसतो आणि तिसरं प्रकेंद्रक आईचंच असतं. एकच प्रकेंद्रक असेल तर बीज शुक्राणूशिवाय जागं झालेलं असू शकतं किंवा दोन्ही संच एकाच आवरणात असू शकतात. रूपावरून फरक कळत नाही.

अवनी_त

पेट्रीडिश, दहा पक्व बीजांपैकी दहाही फलित होतील अशी अपेक्षा धरावी का? आणि इक्सी करूनही एकही झालं नाही तर दोष शुक्राणूचा समजायचा का?

पेट्रीडिश

नाही, दहाची अपेक्षा ठेवू नका. इक्सीमध्ये पक्व बीजांपैकी ६५ टक्के नीट फलित होणं हा प्रयोगशाळेचा किमान दर्जा मानतात आणि ८० टक्के हे उत्तम. म्हणजे दहांत सहा-सात ते आठ.

एकही झालं नाही तर लगेच कुणा एकावर दोष टाकू नये. शुक्राणूच्या बाजूने पीएलसी-झीटा नसणं किंवा कमी असणं हे मोठं कारण. गोल डोक्याच्या शुक्राणूंत ॲक्रोसोमच नसतो, त्यांत हे हमखास दिसतं. पण बीजाच्या बाजूनेही कारणं असतात: ध्रुवकाय दिसतो पण आतला पेशीद्रव पक्व झालेला नाही, स्पिंडलची रचनाच होत नाही (टीयूबीबी-८ जनुकातले दोष), किंवा कॅल्शियमच्या लाटेनंतरचं पुढचं पाऊल पडत नाही (डब्ल्यूईई-२ जनुकातले दोष). पीएलसी-झीटा कमी असेल तर पुढच्या वेळी कॅल्शियम आयनोफोर (बीजात कॅल्शियम वाढवणारं रसायन) वापरून बीज कृत्रिमरीत्या जागं करता येतं. डब्ल्यूईई-२च्या दोषात त्याचा उपयोग होत नाही, कारण अडथळा लाटेच्या पुढे असतो. म्हणून आधी कारण शोधा, मग उपाय.

काजळरेघ

मुलगा की मुलगी हे फलनाच्या वेळीच ठरतं ना? वाय असलेला शुक्राणू हलका आणि वेगवान असतो, म्हणून बीज बाहेर पडायच्या दिवशीच संबंध आला तर मुलगा होतो, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.

गुणसूत्र

ठरतं फलनाच्या वेळी, शुक्राणूत एक्स आहे की वाय यावर. बीजात कायम एक्सच. पुढचा भाग मात्र खरा नाही. एक्स आणि वाय शुक्राणूंच्या डीएनएत जेमतेम तीन टक्क्यांचा फरक असतो. नीट मोजल्यावर त्यांच्या वेगात किंवा आकारात दिवस ठरवण्याजोगा फरक सापडत नाही. वर उल्लेख आलेल्या १९९५च्या अभ्यासातही संबंधाचा दिवस आणि मुलाचं लिंग यांचा संबंध आढळला नाही. याच्या नावाने स्त्रीला दोष देणं तर सर्वस्वी चूक आहे.

अवनी_त

आणि मायटोकॉन्ड्रिया? शुक्राणू शेपटीसकट आत जातो म्हणालात, मग बापाचे मायटोकॉन्ड्रिया जातात कुठे?

सूक्ष्मदर्शी

आत येतात, पण टिकत नाहीत. त्यांच्यावर आधीच खूण केलेली असते, बीज त्यांना ओळखून मोडून टाकतं. बीजाकडे स्वतःचे लाखभर किंवा त्याहून जास्त असतात, शुक्राणूकडे फार तर शंभरेक. उलट सेंट्रिओल (पेशीतले तंतू ज्याच्याभोवती पसरतात तो कण) मात्र शुक्राणूकडूनच येतं. बीजाने आपलं आधीच गमावलेलं असतं, आणि प्रकेंद्रकं एकमेकांजवळ ओढली जातात ती शुक्राणूच्या सेंट्रिओलभोवती पसरलेल्या तंतूंवरून. ते सदोष असेल तर प्रकेंद्रकं दिसतात पण मध्यभागी एकत्र येत नाहीत आणि पेशी तिथेच अडते.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं काम बीजाने आधी साठवून ठेवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतं. गर्भाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जोमाने जागी होतात. "तिसऱ्या दिवसापर्यंत छान होता, मग थांबला" याचं एक मोठं कारण हे.

काजळरेघ

शेवटचं विचारते. फलन झालं हे शरीराला कधी कळतं? म्हणजे चाचणी कधीपासून करावी?

शिरीषफूल

फलन होतं बीजवाहिनीत, आणि तेव्हा आईच्या रक्तात चाचणीने पकडता येईल असं काहीच बदलत नाही. गर्भ पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी असलेला पेशींचा गोळा, होतो, झोनातून बाहेर पडतो आणि बीज बाहेर पडल्यापासून सहाव्या ते बाराव्या दिवसांत, बहुतेकदा आठव्या ते दहाव्या दिवशी, गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. एचसीजी, म्हणजे चाचणी जे संप्रेरक पकडते ते, रक्तात मोजण्याइतकं येतं ते रुजल्यानंतरच. म्हणून बीज बाहेर पडल्यापासून चौदा दिवस थांबा. त्याआधी चाचणी नकारात्मक आली तर त्यावरून फलन झालं की नाही हे काहीच ठरत नाही. एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर उलट फसगत होते: त्याचे अंश दहा-बारा दिवस राहू शकतात आणि खोटी सकारात्मक रेघ दिसते.